श्वासाचे पासबुक

म्हैसूर शहराची पहिली ओळख नाकाला होते. देवराज मार्केटमध्ये पाऊल टाकताच मल्लिगेच्या माळा, चंदन, कापूर आणि अगरबत्ती यांचा दरवळ आपल्याला वेढून टाकतो. येथील अगरबत्तीला आणि मल्लिगेला भौगोलिक मानांकन लाभलेले आहे. बँकेतील बदलीने मला या शहरात आणले, तेव्हा या सुगंधाचे मोठे अप्रूप वाटले होते.

पहिल्याच नवरात्रात त्या अप्रूपाची किंमत मोजावी लागली. घरात घट बसले होते. धूप आणि अगरबत्ती सकाळ-संध्याकाळ चालू होती आणि पावसामुळे खिडक्या बंद होत्या. आठव्या माळेच्या रात्री तीनच्या सुमारास छातीत घरघर सुरू झाली. दमा माझा पंचवीस वर्षांचा सोबती असल्याने सवयीने उशाजवळचा निळा इन्हेलर उचलला आणि चार वेळा दाबला. फवारा येत होता, पण आराम पडत नव्हता. डबीतील औषध केव्हाच संपले होते आणि उरला होता तो केवळ वायू.

रुग्णालयात नेब्युलायझर लावल्यावर पहाटे श्वास मोकळा झाला. सकाळी फेरीवर आलेल्या डॉक्टरांनी साधेच प्रश्न विचारले. गेल्या चार आठवड्यांत रात्री दम लागून किती वेळा जाग आली? निळा इन्हेलर आठवड्यातून किती वेळा घ्यावा लागला? रोजचा दुसरा इन्हेलर किती दिवस चुकला? शाखेतील थकीत कर्जखात्यांचे आकडे तोंडपाठ असणारा मी एकाही प्रश्नाचे उत्तर देऊ शकलो नाही. दुसऱ्यांच्या खात्यांचा हिशेब ठेवण्यात आयुष्य गेले, परंतु स्वतःच्या श्वासाचे खाते मी कधी उघडलेच नव्हते.

दोन इन्हेलर, दोन कामे

दमा म्हणजे केवळ अधूनमधून येणारा झटका, असा आपला समज असतो. वस्तुतः दम्यामध्ये श्वासनलिकांना आतून सूज असते आणि झटका नसतानाही ती कायम राहते. धूर, धूळ, थंड हवा, परागकण अथवा सर्दी यांचे निमित्त होताच नलिकांभोवतीचे स्नायू आकसतात, चिकट स्राव वाढतो आणि हवेची वाट अरुंद होते.

निळ्या इन्हेलरमधील साल्ब्युटामॉल हे औषध आकसलेले स्नायू काही मिनिटांत सैल करते. त्याचा परिणाम चार ते सहा तास टिकतो. आतली सूज मात्र त्याने उतरत नाही. ती उतरवण्याचे काम रोज घ्यावयाच्या स्टेरॉइडयुक्त इन्हेलरचे आहे आणि त्याचा पूर्ण गुण दिसण्यास काही आठवडे लागतात. बँकेच्या भाषेत सांगायचे तर रोजचा इन्हेलर ही आवर्ती ठेव आहे आणि निळा इन्हेलर हा ओव्हरड्राफ्ट. केवळ ओव्हरड्राफ्टवर संसार चालवणाऱ्याचे पुढे काय होते, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. दम्यावरील जागतिक मार्गदर्शक संस्था ‘जिना’ हिने 2019 मध्ये हेच स्पष्ट केले. प्रौढांनी केवळ निळ्या इन्हेलरवर विसंबू नये, सूज कमी करणारे औषध उपचारात असलेच पाहिजे, अशी तिची शिफारस आहे.

‘इन्हेलरची सवय लागते’ ही भीती आपल्याकडे घरोघरी आढळते. साल्ब्युटामॉलची गोळी 2 किंवा 4 मिलिग्रॅमची असते, तर इन्हेलरच्या एका फवाऱ्यात अवघे 100 मायक्रोग्रॅम औषध असते, म्हणजे गोळीच्या विसाव्या ते चाळिसाव्या भागाइतके. औषध थेट फुप्फुसात पोहोचत असल्याने एवढी अल्प मात्रा पुरते.

भारतात सुमारे साडेतीन कोटी लोकांना दमा असल्याचा अंदाज आहे. जगातील एकूण दमेकऱ्यांपैकी सुमारे 13 टक्के आपल्या देशात असताना, दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी 40 टक्क्यांहून अधिक मृत्यू मात्र येथे होतात. मुंबई, नागपूर आणि म्हैसूर यांसह देशातील बारा शहरी व अकरा ग्रामीण केंद्रांवर झालेल्या आणि 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणात सुमारे 1 लाख 70 हजार प्रौढांची पाहणी करण्यात आली. त्यांतील दोन टक्क्यांहून किंचित अधिक प्रौढांना दमा आढळला. उपचार उपलब्ध असूनही माणसे दगावतात, यामागचे एक मोठे कारण रोजचे औषध न घेणे हे आहे.

सरगूर ते खिशातला मोबाइल

दूरस्थ वैद्यकीय सल्ला ही म्हैसूर परिसराला नवी गोष्ट नाही. 2002 मध्ये इस्रोच्या उपग्रहाच्या साहाय्याने बंगळुरूचे नारायण हृदयालय हे चामराजनगरच्या जिल्हा रुग्णालयाशी आणि म्हैसूर जिल्ह्यातील सरगूर येथील विवेकानंद स्मारक रुग्णालयाशी जोडण्यात आले. अरण्याच्या कडेला राहणाऱ्या रुग्णाची तपासणी शहरातील तज्ज्ञ पडद्यावर पाहू लागले. त्यासाठी तेव्हा डिश अँटेना, स्वतंत्र खोली आणि प्रशिक्षित तंत्रज्ञ लागत असे. आज तेच काम खिशातला मोबाइल करतो. 25 मार्च 2020 रोजी केंद्र सरकारने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये ‘ई-संजीवनी’ची बाह्यरुग्ण सेवा सुरू झाली. या सेवेत घरबसल्या, विनाशुल्क, डॉक्टरांशी बोलता येते.

दम्याच्या बाबतीत मोबाइलचा खरा उपयोग मात्र केवळ बोलण्यापुरता नाही. डॉक्टर आपल्याला तीन महिन्यांतून पंधरा मिनिटे भेटतात. उरलेले एकोणनव्वद दिवस दमा आपल्याबरोबर असतो. त्या दिवसांची नोंद डॉक्टरांपर्यंत पोहोचली, तरच औषधाची मात्रा योग्य ठरते.

नोंदी कोणत्या ठेवाव्यात?

पहिली नोंद पाच प्रश्नांची. ‘अस्थमा कंट्रोल टेस्ट’ या चाचणीत गेल्या चार आठवड्यांतील त्रासाविषयी पाच प्रश्न असतात. गुण 5 ते 25 मिळतात. 20 किंवा अधिक गुण म्हणजे दमा आटोक्यात, 19 किंवा कमी म्हणजे नाही आणि 15 किंवा त्याहून कमी म्हणजे परिस्थिती बरीच बिघडलेली. मला रुग्णालयात मिळाले होते 11 आणि तोवर मी स्वतःला ठणठणीत समजत होतो!

दुसरी नोंद पीक फ्लो मीटरची. या छोट्या नळीत जोराने फुंकर मारली की श्वास बाहेर टाकण्याचा वेग काट्यावर दिसतो. सकाळ-संध्याकाळ तीन फुंकरांपैकी सर्वांत मोठा आकडा मोबाइलमध्ये नोंदवावा. आपल्या सर्वोत्तम आकड्याच्या 80 टक्क्यांहून वर हिरवा पट्टा, 50 ते 80 टक्के पिवळा आणि 50 च्या खाली लाल. दम लागण्यापूर्वी दोन-तीन दिवस आकडा घसरू लागतो, हे मला या नोंदींनीच शिकवले. पिवळ्या पट्ट्यात काय करावे, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे.

तिसरा उपयोग चित्रफितीचा. इन्हेलर वापरताना बहुतेक जण कोठे ना कोठे चुकतात. मी आणि माझ्या पत्नीने एक छोटी चित्रफीत काढून डॉक्टरांना पाठवली. इन्हेलर दाबल्यावर मी श्वास घेत होतो, म्हणजे अर्धे औषध जिभेवरच राहत होते. इन्हेलर हलवावा, श्वास पूर्ण सोडावा, संथ व खोल श्वास घेण्यास सुरुवात करतानाच तो दाबावा आणि मग दहा सेकंद श्वास रोखावा. स्पेसर वापरल्यास हे सोपे जाते. स्टेरॉइडयुक्त इन्हेलरनंतर गुळण्या कराव्यात. पंचवीस वर्षांची चूक दोन मिनिटांच्या चित्रफितीने सुधारली.

चौथा उपयोग आठवणीचा. ठरलेल्या वेळी वाजणारा गजर किंवा संदेश, आणि इन्हेलरच्या डबीतील फवाऱ्यांचा हिशेब. 200 फवाऱ्यांच्या डबीतून रोज किती खर्च होतात, हे लिहिले तर रिकाम्या डबीची ती रात्र पुन्हा येत नाही. प्रत्येक वापर आपोआप टिपणारे संवेदक बसवलेले इन्हेलरही आता निघाले आहेत. अशा विविध डिजिटल साधनांवरील 40 अभ्यासांचा आढावा 2022 मध्ये कॉक्रेन संस्थेने घेतला. रोजचे औषध नियमित घेण्याचे प्रमाण या साधनांमुळे सुमारे पंधरा टक्क्यांनी वाढल्याचे त्यात दिसून आले.

आणखी एक लाभ अनपेक्षित होता. माझे कानडी जेमतेम बाजारापुरते. दम्याला येथे ‘उब्बस’ किंवा ‘दम्मु’ म्हणतात, एवढेच कळत होते. ‘छाती भरून येते’ हे डॉक्टरांना कसे समजवावे, हा मोठा प्रश्न असे. आकड्यांना भाषांतर लागत नाही. परप्रांतात बदली झालेल्या आपल्या सहकाऱ्यांनी आणि मुलांकडे परगावी राहणाऱ्या ज्येष्ठ ग्राहकांनी हे ध्यानात ठेवावे.

मर्यादाही जाणाव्यात

स्टेथोस्कोपची जागा मोबाइल घेऊ शकत नाही. दम्याचे पहिले निदान, स्पायरोमेट्रीची चाचणी आणि ठरावीक काळाने होणारी प्रत्यक्ष तपासणी टाळू नये. एका दमात वाक्य पूर्ण बोलता येत नसेल, ओठ निळसर पडले असतील किंवा निळ्या इन्हेलरने आराम पडत नसेल, तर व्हिडिओ कॉलची वाट पाहत बसू नये. ताबडतोब 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि रुग्णालय गाठावे.

बँकेचा माणूस म्हणून आणखी एक सूचना. सल्ला घेण्यापूर्वी डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक पाहावा. आपल्या प्रकृतीची माहितीही खात्याच्या माहितीइतकीच खाजगी असते. वैद्यकीय सल्ल्याच्या नावाखाली कोणी ओटीपी किंवा पिन मागितल्यास तो कदापि देऊ नये.

धुराविना नवरात्र

त्या रात्रीनंतर चार महिन्यांनी माझे गुण 11 वरून 22 झाले. चामुंडी टेकडीच्या हजार पायऱ्या मी थांबत थांबत, पण स्वतःच्या पायांनी चढलो. यंदाही आमच्या घरी घट बसले. समई तेवत होती, मल्लिगेची माळ होती, खिडक्या उघड्या होत्या आणि धूप मात्र नव्हता. पत्नीने आरतीच्या आधी विचारले, ‘‘आजचा आकडा लिहिलात ना?’’

वाचकहो, आपल्या घरात कोणाला दमा असेल तर त्यांना आज एवढेच विचारा, गेल्या महिन्यात रात्री किती वेळा जाग आली? उत्तर आले नाही, तर समजावे की खाते उघडण्याची वेळ झाली आहे.