डिझेल इंजिन खोलण्याआधी दाब मोजा

सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी उतरते, सुरू झाली तर पांढरा धूर, आणि चढावर दम नाही. अशी गाडी आली की ‘हेड खोलावे लागेल’ हे वाक्य आपल्याकडे फार लवकर निघते. गिऱ्हाइकाचा खर्च तिथेच सुरू होतो. वास्तविक अर्ध्या-पाऊण तासाच्या तपासणीत रोग कुठे आहे ते बहुतेक वेळा कळते.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच डिझेल पेटते. दाब कमी, तर सगळेच कमी. पेट्रोलचा गेज येथे लावू नये, तो साधारण 300 पौंडांपर्यंतचाच असतो. डिझेलला 350 ते 450 पौंड दाब नेहमीचाच, म्हणून 1000 पौंडांचा गेज घ्यावा. नेमका आकडा त्या इंजिनाच्या पुस्तकात पाहावा.

इंजिन गरम करून बंद करा. बॅटरी पूर्ण भरलेली हवी. सेल्फ मंद फिरला तर चांगले इंजिनही खोटे ठरते. डिझेलचा पुरवठा तोडा, हीटर प्लग किंवा नोझल काढून तेथे गेज बसवा आणि काटा थांबेपर्यंत सेल्फ मारा. नोझल काढले असेल तर परत बसवताना तांब्याचा वॉशर नवाच घालावा. आठ-दहा रुपये वाचवण्याची ही जागा नव्हे. कॉमन रेल गाडीत चालू इंजिनाची नळी कधीही सैल करू नका, तो दाब कातडी फोडून आत शिरतो.

आता आकडे वाचा. 400, 390, 395, 290 आले तर दुखणे चौथ्याचेच. 400, 395, 280, 285 असे शेजारचे दोन पडले तर आधी हेड गॅसकेटचा संशय घ्यावा. चारही सारखेच कमी असतील तर प्रथम बॅटरी व सेल्फ पाहा, मग रिंगा-लायनरची झीज.

पेट्रोल इंजिनात चमचाभर ऑइल टाकून रिंगा ओळखतात. डिझेलमध्ये ते टाळावे. पिस्टनवरची जागा इतकी थोडी, की ऑइलनेच दाब वाढलेला दिसतो. जास्त पडले तर रॉड वाकतो. त्यापेक्षा तो पिस्टन दाबाच्या फेरीत अगदी वर आणून कॉम्प्रेसरची हवा सोडा. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, फिल्टरकडून आली तर इनटेक, ऑइलच्या तोंडातून आली तर रिंगा. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅसकेट.

जुनी गाडी घेणाऱ्यांनीही सौद्यापूर्वी हे आकडे मागावेत. विकणारा तपासू देत नसेल, तर इंजिनकामाचा खर्च भावातून वजा धरूनच बोलणी करावी.