रिमोट रोखला म्हणून मीटर मागे फिरत नाही

शहापूर-मुरबाडकडे वीजमीटरबद्दल एक समजूत पक्की आहे: लाल दिवा लुकलुकतो म्हणजे मीटर बिघडलंय, नाहीतर तो दिवाच वीज खातोय. प्रत्यक्षात दिवा मोजणी दाखवतो. मीटरच्या तोंडावर युनिटमागे ३२०० इम्पल्स असं छापलं असेल, तर ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. हजार वॅटची इस्त्री चालू असेल तर सेकंदाला जवळपास एकदा. नुसता ९ वॅटचा बल्ब असेल तर दोन मिनिटांतून एकदा.

बऱ्याच मीटरांवर याशिवाय एक गोल जागा असते. तिथे चुंबकाने चिकटणारं उपकरण लावून इन्फ्रारेड उजेडातून आकडे वाचतात. जुन्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार बोलणं सेकंदाला फक्त ३०० बिट्सनी सुरू होतं, आणि उजेड म्हणजे शून्य, अंधार म्हणजे एक. टीव्हीचा रिमोट रोखला की रीडिंग मागे जातं, ही निव्वळ वावडी. रिमोटचे ठोके मीटरच्या भाषेत बसतच नाहीत. ‘रिमोटवाली वीजचोरी’ पकडली जाते ती सील तोडून आत लपवलेल्या सर्किटची; वीज कायदा २००३ च्या कलम १३५ खाली त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

आता इन्फ्रारेडवर बोलणारा असाच दुवा घरी जोडणाऱ्यांचे गैरसमज. पहिला, आणि सगळ्यात चिवट: पल्ला मिळत नाही, तर मोठी एलईडी लावा. दोष बहुतेकदा एलईडीचा नसतोच. बाजारात मिळणारा टीएसओपी १७३८ हा रिसीव्हर सेकंदाला ३८ हजार वेळा उघडझाप करणाराच उजेड ऐकतो. ऊन आणि ट्यूबलाइट यांतून आपला संदेश वेगळा काढायची त्याची हीच युक्ती. आर्डुइनो या छोट्या प्रोग्रॅमेबल बोर्डाची सीरियल पिन थेट एलईडीला जोडली, तर त्याला काहीच कळत नाही. उलट ३८ किलोहर्ट्झ अखंड चालू ठेवलं, तर तो ते गोंगाट समजून आपली संवेदनशीलता उतरवतो आणि बहिरा होतो. सीरियल लाइन रिकामी असताना ‘एक’वर असते. म्हणून ठोके फक्त ‘शून्य’ला द्यायचे, ‘एक’ला अंधार. टीएसओपीला ठोके मिळाले की त्याची आउटपुट पिन खाली येते, त्यामुळे पलीकडे संदेश उलटवावा लागत नाही.

वेग? १२०० बॉड, म्हणजे सेकंदाला १२०० बिट्स, पुरे. एका बिटला ८३३ मायक्रोसेकंद, म्हणजे ३८ किलोहर्ट्झचे ३१-३२ ठोके मावतात. ९६०० ला जेमतेम चार उरतात. या रिसीव्हरला निदान दहा लागतात. हट्ट करून उपयोग नाही.

इन्फ्रारेड धुक्यातून आरपार जातं, असंही काहीजण म्हणतात. ९४० नॅनोमीटरचा उजेड धुक्याच्या थेंबांवर साध्या उजेडासारखाच विखुरतो. पावसाळ्यात माळशेज घाटात गाडीचे दिवे जिथे हरतात, तिथे हाही हरतो. भिंतीचं तर विचारूच नका.

एलईडी लागली का, हे मोबाइलच्या कॅमेऱ्यातून कळतं; त्यात ती जांभळट दिसते. मागच्या कॅमेऱ्यात बऱ्याचदा इन्फ्रारेड अडवणारी काच असते, तेव्हा पुढचा वापरावा. दोन्ही बाजूंनी बोलायचं असेल तर पाळीपाळीने; नाहीतर आपलाच उजेड समोरच्या पांढऱ्या भिंतीवरून परतून आपल्याच रिसीव्हरमध्ये शिरतो, आणि आपणच पाठवलेली अक्षरं उत्तर म्हणून वाचत बसतो.