क्रोनॉस क्वार्टेट : रचना मागवणारे चौघे

पाश्चात्त्य कलासंगीतातील ‘चेंबर म्युझिक’ ही संज्ञा मुळात जागेवरून पडलेली आहे. राजवाड्यातील अथवा श्रीमंताच्या घरातील एखाद्या दालनात, मोजक्या श्रोत्यांपुढे, वाद्यवृंदाचा निर्देशक नसताना मोजक्या वादकांनी एकमेकांकडे पाहत वाजवावयाचे संगीत, असा तिचा मूळ अर्थ. या प्रकारात दोन व्हायोलिन, एक व्हियोला आणि एक चेलो यांच्या मेळाला, म्हणजे ‘स्ट्रिंग क्वार्टेट’ला, हायडनच्या काळापासून मानाचे स्थान लाभले. येथे भाषेची एक मौज ध्यानात घेण्याजोगी आहे : क्वार्टेट हा शब्द चार वादकांच्या संचालाही लावतात आणि त्या संचासाठी लिहिलेल्या रचनेलाही. वाजवणारे आणि वाजवले जाणारे यांना एकच नाव असूनही व्यवहारात मात्र विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या दोहोंची ताटातूट झाली होती, कारण बहुतेक नामवंत क्वार्टेटे हायडन, मोझार्ट, बेथोव्हेन, शुबर्ट आणि फार तर बार्टोक यांच्या रचनांचे जतन करण्यात गुंतली होती, आणि हयात रचनाकार त्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत पाहुण्यासारखा अधूनमधून येऊन जात असे. अमेरिकेतील क्रोनॉस क्वार्टेटने 1973 पासून हा क्रम उलटा केला. या चौघांच्या वादनाची वाखाणणी पुष्कळ झाली आहे, परंतु त्यांचे खरे कर्तृत्व वादनाइतकेच मागणीत आहे. कोणाकडे, काय आणि कधी मागावे हे त्यांना कळत होते, आणि मागितलेले कागदावर उतरेपर्यंत रचनाकाराच्या पाठीशी उभे राहण्याची चिकाटी त्यांच्याजवळ होती.

संचाचा संस्थापक डेव्हिड हॅरिंग्टन हा सिएटल शहरातील तरुण व्हायोलिनवादक. 1973 च्या उन्हाळ्यात त्याने रेडिओवर जॉर्ज क्रम या अमेरिकी रचनाकाराची ‘ब्लॅक एंजल्स’ ही रचना ऐकली आणि ती वाजवता यावी एवढ्यासाठी संच उभा केला. क्वार्टेट आधी आणि रचना मागाहून हा नेहमीचा क्रम येथे आरंभीच मोडला, ही गोष्ट पुढच्या साऱ्या वाटचालीचे बीज ठरली. 1970 साली, व्हिएतनाम युद्धाच्या ऐन भरात, पूर्ण झालेल्या या रचनेत क्रमने चारही वाद्यांचा आवाज विजेच्या साहाय्याने वाढवला, त्यामुळे तारेवर गज नुसता टेकला तरी त्याचा खरखरीत श्वास ऐकू येतो. वादकांनी वाद्य उभे धरून डाव्या हाताच्या बोटांच्या पलीकडच्या बाजूने गज ओढावा, म्हणजे जुन्या काळच्या व्हायोल या वाद्याचा दबका, दूरचा नाद निघेल. पाण्याने कमीअधिक भरलेल्या काचेच्या पेल्यांच्या कडांवरून गज फिरवावा. मोठा गाँग वाजवावा. निरनिराळ्या भाषांत आकडे उच्चारावेत, अशा सूचना तिच्या स्वरलिपीत आहेत. तेरा आणि सात या अंकांभोवती तिची सारी बांधणी फिरते, आणि मध्येच शुबर्टच्या मृत्यूविषयक क्वार्टेटची छाया पडून जाते. हे सारे चमत्कृतीसाठी नाही. युद्धाच्या भयाला ‘सुंदर’ स्वर पुरा पडत नाही असे जाणवल्यावर वाद्याकडून दुसरे काय काढता येईल, याचा तो शोध आहे. क्रोनॉसने या रचनेचे ध्वनिमुद्रण केले ते 1990 साली, म्हणजे जिच्यापायी संच जन्मला तिच्या मुद्रणासाठी सतरा वर्षे थांबून.

युरोपात राज्यसंस्था संगीताला मोठे अनुदान देते. अमेरिकेत तो भार बहुतांशी विद्यापीठे, खासगी प्रतिष्ठाने, महोत्सव आणि धनिक रसिक यांच्यावर पडतो. तेथे रचनाकाराला ठरावीक मोबदला देऊन नवी रचना लिहून घेण्याच्या व्यवहाराला ‘कमिशन’ म्हणतात, आणि एका रचनेचा खर्च बहुधा दोन-तीन संस्था मिळून उचलतात. क्रोनॉसचे पहिले कमिशन सिएटलच्याच केन बेन्शूफ यांच्याकडे गेले आणि त्याचा मोबदला म्हणून त्यांना डोनटची पिशवी मिळाली. हॅरिंग्टनच्या पदरी तेव्हा देण्यासारखे दुसरे काही नव्हते. पुढे संच सॅन फ्रान्सिस्कोला स्थायिक झाला, जॉन शेर्बा हे दुसरे व्हायोलिनवादक, हँक डट हे व्हियोलावादक आणि जोन जानरेनो या चेलोवादक अशी घडी 1978 च्या सुमारास बसली, ती दोन दशके टिकली, आणि संचाच्या पाठीशी ना-नफा तत्त्वावरील संस्था उभी राहिली. आज क्रोनॉसच्या नावावर हजाराहून अधिक नव्या रचना आणि रूपांतरे जमा आहेत. हा आकडा मोठा खरा, पण त्यावर फार भर देण्यात अर्थ नाही. त्यातील पुष्कळ रचना एका-दोन मैफलींनंतर मागे पडल्या असणार, आणि जे टिकले तेच या संस्थेचे माप होय.

टिकलेल्यांत टेरी रायली यांचे नाव अग्रभागी येते, आणि मराठी वाचकाला त्यांची कथा अनपेक्षितपणे घराजवळची वाटावी. ‘इन सी’ या 1964 च्या रचनेने रायली ‘मिनिमलिझम’ या प्रवाहाचे आद्य प्रवर्तक ठरले. थोड्याच स्वरवाक्यांची दीर्घ पुनरावृत्ती करावयाची आणि त्यात हळूहळू, कानाला जेमतेम कळेल असा बदल घडू द्यावयाचा, ही त्या प्रवाहाची रीत. 1970 पासून रायली पंडित प्राणनाथ यांचे शिष्य झाले. प्राणनाथ हे किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांचे शिष्य. याच वहीद खाँसाहेबांकडे हिराबाई बडोदेकरांनीही तालीम घेतली होती, आणि वहीद खाँसाहेबांचे आप्त अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले. एकेका स्वराला पुरेसा अवकाश देत विलंबित बढत करण्याची जी दृष्टी महाराष्ट्राच्या मैफलींत रुजली, तीच दुसऱ्या एका शाखेने कॅलिफोर्नियाला पोचली होती. गुरूपुढे बसून मुखोद्गत विद्या घेणाऱ्या रायलींनी स्वरलेखन जवळजवळ सोडून दिले होते. ऑकलंडच्या मिल्स कॉलेजात, जेथे प्राणनाथ आणि रायली शिकवत होते, क्रोनॉसला 1978 मध्ये निवासी संच म्हणून जागा मिळाली. तेथे हॅरिंग्टनने रायलींच्या मागे लागून त्यांना पुन्हा कागदाकडे वळवले. क्वार्टेटच्या वादकाला लिखित स्वर लागतात आणि रायलींना लिहिणे म्हणजे वाहते पाणी गोठवणे वाटत होते, या पेचातून जी तोड निघाली ती मोठी अर्थपूर्ण होती : रायलींनी स्वर लिहिले, पण ते किती मोठ्याने, गजाच्या किती लांबीने, कोठे श्वास घेऊन वाजवावेत हे बहुतांशी तालमीवर सोडले. रचनेचा अर्धा भाग असा वादकांच्या हाती आला. ‘सॅलोमी डान्सेस फॉर पीस’ हे 1980 च्या दशकाच्या मध्यातील प्रदीर्घ काम ऐकताना, व्हियोलाचा एखादा स्वर खालून हळूच वर सरकत आपल्या जागी येतो तेव्हा ती मींड कोठून आली हे घराणेदार गाणे ऐकलेल्या कानाला सांगावे लागत नाही. अमेरिकी समीक्षक अशा जागी ‘पौर्वात्य प्रभाव’ असा ढोबळ शब्द वापरतात. त्याला किराणा असे नेमके नाव आहे.

स्टीव्ह राइक हे मिनिमलिझमचे दुसरे धुरीण. त्यांची ‘डिफरंट ट्रेन्स’ ही 1988 ची रचना लॉस एंजेलिसच्या संगीतप्रेमी दानशूर बेटी फ्रीमन यांच्या आश्रयाने क्रोनॉससाठी लिहिली गेली. आईवडील विभक्त झाल्यामुळे लहानपणी, 1939 ते 1942 या काळात, राइक न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस यांच्या दरम्यान आगगाडीने सतत ये-जा करीत असत. आपण ज्यू असल्यामुळे त्याच वर्षांत युरोपात असतो तर फार निराळ्या गाड्यांत बसावे लागले असते, हा पुढे सुचलेला विचार या रचनेच्या नावात आहे. राइक यांनी आपल्या दाईचा, निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्याचा आणि ज्यूंच्या संहारातून वाचून अमेरिकेत आलेल्यांचा बोलता आवाज घेतला, त्यातील छोटी छोटी वाक्ये निवडली आणि त्या वाक्यांचा हेल जसाच्या तसा स्वरांत उतरवला. ‘हेल’ हा मराठी शब्द येथे अगदी चपखल बसतो. मालवणी माणसाचे बोलणे शब्द न कळताही नुसत्या चढउतारावरून ओळखू येते, तसा प्रत्येक वाक्याचा स्वतःचा सूर आणि स्वतःची गती असते. स्त्रियांच्या वाक्यांचा हेल व्हियोला घेते आणि पुरुषांच्या वाक्यांचा चेलो, बाकीची वाद्ये चाकांची लय धरून ठेवतात, आणि पार्श्वभूमीला गाड्यांच्या व धोक्याच्या भोंग्यांचे ध्वनिमुद्रित आवाज येतात.

वादकांच्या दृष्टीने यातील अडचण गतीची आहे. बोलणारा मनुष्य तालमापकाप्रमाणे बोलत नसल्यामुळे वाक्य बदलले की लय बदलते, आणि ध्वनिफीत कोणासाठी थांबत नाही. शिवाय रंगमंचावरील चौघांना स्वतःच्याच पूर्वमुद्रित क्वार्टेटांच्या थरांशी मेळ साधावा लागतो. चेंबर म्युझिकचा आत्मा जो परस्परांच्या डोळ्यांकडे पाहून लय सैल अथवा ताठ करण्याचा संवाद, तो येथे वादक आणि यंत्र यांच्यात चालतो. तरीही रचना निर्जीव होत नाही, कारण त्या यंत्रात माणसांचे आवाज आहेत. दुसऱ्या भागात युरोपातील साक्षी सुरू होतात तेव्हा वाद्ये कोणताही शोकालाप करीत नाहीत, केवळ बोललेल्या वाक्याच्या मागोमाग चालतात. या संयमामुळेच ती रचना विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील सर्वश्रेष्ठ क्वार्टेटांत गणावी लागते. तिला 1990 मध्ये समकालीन रचनेचे ग्रॅमी मिळाले.

फिलिप ग्लास यांचे पाचवे क्वार्टेट आणि जॉन अ‍ॅडम्स यांचे ‘जॉन्स बुक ऑफ अलेज्ड डान्सेस’ हीदेखील क्रोनॉससाठीच झालेली कामे. 1986 च्या ध्वनिमुद्रिकेत संचाने ग्लास आणि कॉन्लन नॅनकॅरो यांच्या शेजारी जिमी हेंड्रिक्सचे रॉक गीत ठेवले आणि परंपरानिष्ठांच्या भुवया उंचावल्या. आज त्यात धक्कादायक असे काही उरलेले नाही. ध्वनिवर्धनाचा प्रश्न मात्र अजून शिळा झालेला नाही. क्रोनॉसच्या मैफलीत ध्वनिसंयोजक जवळजवळ पाचवा सभासद असतो, आणि लाकडी वाद्याचा निखळ नाद ऐकण्यास सरावलेल्या श्रोत्याला ध्वनिवर्धनाचा पडदा खुपतो, हा आक्षेप रास्त आहे. परंतु ‘ब्लॅक एंजल्स’मधून जन्मलेल्या संचाने ध्वनिवर्धन टाळावे अशी अपेक्षा धरणेही विपरीतच.

नव्या रचना मागवून वाजवण्याच्या या उद्योगाला शरीराची मर्यादा असते, हे मॉर्टन फेल्डमन यांच्या दुसऱ्या क्वार्टेटने दाखवले. 1983 ची ही रचना अखंड वाजवली तर सुमारे सहा तास चालते, आणि तीही बहुतांशी अत्यंत हळू आवाजात, म्हणजे गजावरचा हात सतत तोलून धरावा लागेल अशा रीतीने. क्रोनॉसने त्या वर्षी टोरँटोत तिचे संक्षिप्त रूप वाजवले. 1996 मध्ये न्यूयॉर्कला ती संपूर्ण वाजवण्याचा बेत आखला, पण शरीराला तो ताण झेपणार नाही म्हणून रद्द केला. संपूर्ण वादनाचा मान 1999 मध्ये फ्लक्स क्वार्टेट या तरुण संचाने मिळवला.

अमेरिकेबाहेरील संगीताकडे क्रोनॉस वळला तेव्हा त्याला उदंड लोकप्रियता लाभली. आफ्रिकी रचनाकारांच्या कामांची 1992 ची ‘पीसेस ऑफ आफ्रिका’ ही ध्वनिमुद्रिका खपात अग्रेसर ठरली. भारतीय वाचकाला अधिक परिचित असेल ती 2005 ची ‘यू हॅव स्टोलन माय हार्ट’. राहुलदेव बर्मन यांची चित्रपटगीते सांगलीत जन्मलेल्या आशा भोसले यांनी वयाच्या सत्तरीनंतर येथे नव्याने गायिली, तबल्याला झाकीर हुसेन आणि पिपा या चिनी तंतुवाद्याला वू मान यांची साथ होती. बर्मन यांच्या वाद्यमेळातील नाना तऱ्हेचे नाद पुन्हा उभे करण्यासाठी चौघांनी थरावर थर मुद्रित केले आणि त्यात हौसेने इतर वाद्येही हाताळली. ध्वनिमुद्रिका खुमासदार आहे. आशाबाईंचा आवाज वयाला न जुमानता लचकतो. तथापि, क्वार्टेट येथे साथीदारच राहते, आणि मूळ गीतांच्या चाली इतक्या भक्कम आहेत की त्यांना चौघांची फारशी गरज भासत नाही. त्या मानाने 2009 च्या ‘फ्लडप्लेन’मधील पंडित रामनारायण यांच्या सारंगीवरून बेतलेला मिश्र भैरवीचा आलाप लहान, पण अधिक मोलाचा आहे, कारण सारंगीच्या बोलीजवळ जाताना वाद्याला स्वतःची सवय मोडावी लागते.

नव्या रचनेचे खरे दुखणे पहिल्या प्रयोगात नसून दुसऱ्यात असते. पहिल्याला पैसा मिळतो, वृत्तपत्रे दखल घेतात. नंतर स्वरलिपी महाग असते, विद्यार्थ्यांना ती झेपत नाही आणि रचना कपाटात पडून राहते. या दुखण्यावरचा उतारा म्हणून क्रोनॉसने 2015 मध्ये ‘फिफ्टी फॉर द फ्यूचर’ हा उपक्रम घोषित केला. पंचवीस स्त्रिया आणि पंचवीस पुरुष अशा पन्नास रचनाकारांकडून, शिकाऊ संचांनाही पेलतील अशा रचना लिहून घ्यावयाच्या आणि त्यांच्या स्वरलिपी, प्रत्येक वाद्याच्या सुट्या प्रती व ध्वनिमुद्रणे आंतरजालावर विनामूल्य द्यावयाची, अशी ती योजना. ग्लास, रायली आणि लॉरी अँडरसन यांच्या बरोबरीने तीत झाकीर हुसेन यांची ‘पल्लवी’ आहे. दोन शतके प्रकाशकाच्या दुकानातून विकत घ्यावी लागणारी वस्तू येथे वाटून टाकली गेली, आणि हजार कमिशनांपेक्षा या पन्नासांचा परिणाम अधिक दूरवर पोचण्याचा संभव आहे.

संचातील माणसे बदलत गेली आहेत. जानरेनो यांनी 1999 मध्ये संच सोडल्यानंतर चेलोच्या खुर्चीवर जेनिफर कल्प, जेफ्री झीग्लर, सनी यँग आणि आता पॉल वायँको असे वादक आले. 2024 मध्ये शेर्बा आणि डट हे साडेचार दशकांचे सोबती एकदमच निवृत्त झाले, आणि त्यांच्या जागी गॅब्रिएला दियाझ व अयाने कोझासा आल्या. ज्यांच्या हातांचे वळण ध्यानी धरून रायली आणि राइक यांनी लिहिले त्यांच्यापैकी एकटे हॅरिंग्टन आज वाजवतात. रायलींनी तालमीवर सोडलेल्या त्या लहानमोठ्या जागा, कोठे गज हलका करावा आणि कोठे स्वर थोडा रोखून धरावा हे, कागदावर पूर्णपणे उतरलेले नाही. नव्या तिघांना ते हॅरिंग्टन यांच्या शेजारी बसूनच घ्यावे लागते, जसे प्राणनाथांना वहीद खाँसाहेबांपुढे बसून घ्यावे लागले होते.