अडवणे, मारणे, कुजणे : मास्कच्या तीन वेगळ्या परीक्षा

धाराशिव जिल्ह्यात सोयाबीनच्या मळणीला धुळीचे लोट उठतात. साखर कारखान्यात बगॅस म्हणजे उसाचा चोथा हाताळणाऱ्यांच्या नाकात भुसा जातो. बुरशी धरलेल्या बगॅसमुळे तर ‘बगॅसोसिस’ हा फुफ्फुसाचा आजार होतो. म्हणजे मास्कची गरज कोरोनाबरोबर संपलेली नाही. नॅनोतंतूंचे, जंतुनाशक आणि कुजणारे मास्क येऊ घातले असताना काही समज तपासलेच पाहिजेत.

गैरसमज : मास्क ही चाळणी आहे, बारीक विषाणू आरपार जातो.

वस्तुस्थिती : सुमारे ०.१ मायक्रॉनचे कण हवेत सरळ जात नाहीत. भरकटत तंतूंवर आदळतात आणि चिकटतात. अडवायला सर्वांत अवघड कण ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे. एन-९५ ची चाचणी त्यांवरच होते आणि त्यातले किमान ९५ टक्के अडावे लागतात. नेहमीच्या गाळणीत पॉलिप्रॉपिलीनच्या तंतूंवरचा विद्युतभार हे काम करतो; मास्क साबणाने धुतला किंवा त्यावर अल्कोहोल फवारले की तो भार उतरतो. नॅनोतंतूंची भिस्त मुख्यतः त्यांच्या बारीकपणावर असते.

गैरसमज : जंतुनाशक लेप असला की मास्क अधिक गाळतो.

वस्तुस्थिती : पुण्याच्या थिंकर टेक्नॉलॉजीजने २०२१ मध्ये सोडियम ओलेफिन सल्फोनेटचा लेप दिलेला मास्क आणला. हे साबणासारखे द्रव्य विषाणूचे बाह्य आवरण मोडते, पण मास्कवर बसलेल्या विषाणूचेच. श्वासाबरोबर क्षणात आत जाणारा कण गाळणीनेच अडवावा लागतो. लेपाचा खरा उपयोग वापरलेला मास्क हाताळताना होतो. लेपही निर्धोक हवा : ग्राफीन या कार्बनच्या प्रकाराचे कण फुफ्फुसात जाण्याच्या शंकेने कॅनडाने २०२१ मध्ये ग्राफीन असलेले मास्क न वापरण्याचा इशारा दिला होता.

गैरसमज : कुजणारा मास्क बांधावर टाकला तरी खत होते.

वस्तुस्थिती : कुजणाऱ्या तंतूंसाठी वापरले जाणारे पॉलिलॅक्टिक आम्ल साखरेपासून बनते; प्राज इंडस्ट्रीजने २०२४ मध्ये जेजुरीला त्याचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला. उसाच्या जिल्ह्याने याकडे लक्ष द्यावे. मात्र ते लवकर कुजायला ओलावा आणि ६० अंशांच्या आसपासची उष्णता लागते; साध्या मातीत ते वर्षानुवर्षे राहू शकते. नाकावरची तार आणि इलॅस्टिक वेगळेच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने कोरोनाकाळात वापरलेले मास्क कापून, ७२ तास कागदी पिशवीत ठेवून मगच सुक्या कचऱ्यात टाकायला सांगितले होते.

मास्क घेताना तिन्ही दाव्यांचे चाचणी-अहवाल वेगवेगळे मागा. आणि तो गालाशी घट्ट बसतो का, हे आधी पाहा. फटीतून शिरणारी हवा कोणतीच गाळणी गाळत नाही.