टेबलावरचा खर्ज

तीन इंची पडद्याच्या स्पीकरमधून तानपुऱ्याचा खर्ज ऐकू यावा, हे खरं तर नियमात बसत नाही. गायकाचा षड्ज काळी एक असेल, तर खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झला बोलते. त्या ध्वनिलहरीची लांबी जवळजवळ पाच मीटर. स्वर एक सप्तक खाली उतरला, की तेवढ्याच मोठ्या आवाजासाठी पडद्याला चौपट हलावं लागतं. इवल्या पडद्याची तेवढी धाव नसते. शंभर हर्ट्झच्या खाली असे बहुतेक स्पीकर मान टाकतात.

तरी खर्ज ऐकू येतो! कारण तार फक्त ६९ हर्ट्झ देत नाही. १३९, २०८, २७७ अशी उपस्वरांची रांग तिच्यातून निघते; मूळ स्वर धरून पाचवा म्हणजे, न छेडताही ऐकू येणारा, जाणकारांचा तो स्वयंभू गांधार. ही रांग छोटा स्पीकर आरामात वाजवतो, आणि रांगेतलं सारखं अंतर ओळखून मेंदू न वाजलेला मूळ स्वर स्वतःच भरून काढतो. जर्मन शास्त्रज्ञ ऑगस्ट झेबेक यांना १८४०च्या दशकात सायरनवर प्रयोग करताना याचा सुगावा लागला होता. तानपुरा तर यासाठीच घडवल्यासारखा. घोडीवरच्या जवारीमुळे, एरवी उमटूच नयेत असे उपस्वरही त्यात ठसठशीत उमटतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली दाखवलं.

म्हणजे खर्जाची चिंता थोडी कमी करा. माझ्या मते खरा खोडा घालतं ते टेबल. स्पीकरचा पडदा टेबलापासून पंधरा सेंटिमीटर वर, कान पंचेचाळीस सेंटिमीटर वर आणि मधलं अंतर साठ सेंटिमीटर, असं धरा. थेट आवाज ६७ सेंटिमीटर प्रवास करतो, टेबलावर आपटून आलेला ८५. हा अठरा सेंटिमीटरचा फरक ९६० हर्ट्झच्या आसपासच्या लहरीची बरोबर अर्धी लांबी आहे. दोन्ही लहरी एकमेकींना कापतात, तेही गळ्याचा रंग ठरवणाऱ्या पट्ट्यात. मग लोक महागडी केबल आणतात.

स्पीकर कानाच्या उंचीला आणा. ते जमत नसेल तर निदान त्यांचं तोंड वर करा. दोन स्पीकर आणि डोकं यांचा समभुज त्रिकोण साधा. एवढ्या जवळून ऐकण्याचा फायदा मोठा आहे. तीन मीटरऐवजी साठ सेंटिमीटरवर बसलात, तर थेट आवाजाची तीव्रता पंचवीसपट होते आणि भिंतींवरून परतणारा आवाज मागे पडतो. ॲम्प्लिफायरही लहान पुरतो.

ढोलाचा छातीवर बसणारा दणका मात्र मेंदू उसना आणू शकत नाही. त्यासाठी सबवूफर हवाच. ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतो हे कानाला नीटसं कळत नाही, त्यामुळे सबवूफर खुशाल टेबलाखाली ठेवा.