दृष्टिपटल आणि दृष्टिचेतेचे जन्मजात दोष

डोळ्याच्या मागच्या भिंतीला आतून अस्तरासारखा चिकटलेला, प्रकाश टिपणारा पडदा म्हणजे दृष्टिपटल. त्याने टिपलेले संदेश मेंदूकडे नेणारी दृष्टिचेता सुमारे १० ते १२ लाख तंतूंची असते. हे दोन्ही भाग गर्भाच्या मेंदूतूनच तयार होतात. चौथ्या आठवड्याच्या सुमारास मेंदूला दोन्ही बाजूंनी फुगवटे येतात आणि ते आत दबून दुपदरी वाटीचा आकार घेतात. या वाटीच्या खालच्या बाजूला असलेली फट साधारण पाचव्या ते सातव्या आठवड्यात मिटते. या घडणीत कुठे खंड पडला, तर दोष जन्मभर राहतो.

फट पूर्ण मिटली नाही, तर ‘कोलोबोमा’ होतो. तपासणीत दृष्टिपटलाच्या खालच्या भागात पांढरा पट्टा दिसतो. दृष्टिपटलाचा मध्यबिंदू आणि दृष्टिचेता त्यातून वाचली असतील, तर नजर चांगली राहू शकते. काही मुलांत त्याच्यासोबत हृदयाचे व कानाचे दोषही असतात. ‘चार्ज सिंड्रोम’ हे त्याचे प्रमुख उदाहरण.

‘मॉर्निंग ग्लोरी’ हा दोष बहुधा एकाच डोळ्यात आढळतो. दृष्टिचेतेचे मुख मोठे व नरसाळ्यासारखे खोल असते आणि रक्तवाहिन्या त्याच्या कडेपासून सरळ बाहेर पसरतात. १९७० मध्ये किंडलर यांनी त्याला हे नाव दिले. अशा डोळ्यात दृष्टिपटल सुटण्याचा धोका असतो. कवटीच्या तळाचे किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे दोषही सोबत असू शकतात; म्हणून एमआरआय करतात.

दृष्टिचेतेत तंतूच कमी असतील, तर तिचे मुख लहान दिसते. दोन्ही डोळ्यांत हा दोष तीव्र असल्यास पहिल्या काही महिन्यांतच बाळाचे डोळे सतत हलू लागतात. इथे खरा धोका डोळ्यापलीकडे असतो. या दोषासोबत मेंदूतील पीयूषिका ग्रंथीही बिघडलेली असू शकते. ती नीट काम करत नसेल, तर वाढ खुंटते, रक्तातली साखर घसरते आणि कॉर्टिसॉल कमी असलेल्या मुलाला साधा तापही जिवावर बेतू शकतो. म्हणून हार्मोनच्या चाचण्या आवश्यक ठरतात.

‘ऑप्टिक पिट’ म्हणजे दृष्टिचेतेच्या मुखावरचा बारीक करडा खळगा. तो वर्षानुवर्षे त्रास देत नाही. मात्र तरुणपणी दृष्टिपटलाच्या मध्यभागी पाणी साचून नजर धूसर होऊ शकते.

‘लेबर जन्मजात अंधत्व’ वेगळे आहे. १८६९ मध्ये थिओडोर लेबर यांनी वर्णन केलेल्या या आजारात दृष्टिपटलाची रचना सुरुवातीला बहुधा ठीक दिसते, पण जनुकीय बिघाडामुळे ते प्रकाशाला नीट प्रतिसाद देत नाही. त्यातील ‘आरपीई६५’ जनुकाच्या दोषावरील जनुकोपचाराला अमेरिकेत २०१७ मध्ये मान्यता मिळाली. पेशी जिवंत असतील, तरच त्याचा उपयोग होतो.

तीन महिन्यांचे बाळ आईच्या चेहऱ्यावर नजर स्थिरावत नसेल, डोळे थरथरत असतील, तिरळेपणा कायम असेल किंवा बाहुली पांढरी दिसत असेल, तर नेत्रतज्ज्ञाकडे लगेच जावे. पांढरी बाहुली डोळ्याच्या कर्करोगाचेही लक्षण असू शकते.

रचनेतले बहुतेक दोष बदलता येत नाहीत, पण उरलेली नजर वाचवता येते. योग्य चष्मा द्यावा. दोष एकाच डोळ्यात असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधून अधू डोळ्याला कामाला लावावे, आणि चांगल्या डोळ्याला इजा होऊ नये म्हणून संरक्षक चष्मा वापरावा. दृष्टिपटलाची नियमित तपासणी, भिंग आणि मोठ्या अक्षरांची पुस्तके यांच्या आधाराने यातील अनेक मुले शाळेत शिकू शकतात.