चारठाण्याची बारव आणि बोर्दोची बाटली

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यांत चारठाणा नांवाचें गांव आहे. जुनीं देवळें आणि बारवा यांसाठीं तें ओळखलें जातें. वैशाखांतील भर दुपारीं पारा ४२ अंशांवर गेला असतां अशा बारवेच्या पायऱ्या उतरूं लागलें, म्हणजे पायरीगणिक हवा निवत जाते आणि तळाशीं पोंचतांच मनुष्यास हायसें वाटतें. तीच बारव पौषांतील पहाटे गांठली, तर अनुभव उलट येतो. वर अंगावर कांटा उभा राहील अशी थंडी असते, आणि खालचें पाणी मात्र कोमट लागतें. पाणी बदललेलें नसतें. बदललेली असते ती वरची हवा. जमिनीखालीं आठदहा मीटर खोल गेलें, कीं उन्हाळा व हिवाळा यांतील फरक जवळजवळ नाहींसा होतो, आणि त्या प्रदेशाच्या वार्षिक सरासरीइतकें उष्णतामान तेथें बाराही महिने राहतें. मराठवाड्याच्या या भागांत ती सरासरी २६-२७ अंश सेंटिग्रेडच्या आसपास येते.

हा आंकडा येथें सांगण्याचें कारण वेगळेंच आहे. फ्रान्स देशाच्या नैर्ऋत्य भागांत गारोन नदीच्या कांठीं बोर्दो हें शहर आहे. त्याच्या परिसरांतील उंची तांबडी वाइन बाटलींत तीसचाळीस वर्षें मुरूं दिली असतां तिला अपूर्व स्वाद येतो, अशी तिची ख्याति आहे. परदेशीं राहणारे नातलग अशी एखादी बाटली भेट म्हणून मुंबई-पुण्याच्या घरीं आणतात. घरची मंडळी ती कांचेच्या कपाटांत दर्शनी ठेवतात, आणि 'जुनें तें सोनें' या म्हणीवर विश्वास ठेवून वीस वीस वर्षें तिला हात लावीत नाहींत. पुढें घरांत एखादें मंगलकार्य निघतें, बाटली मोठ्या कौतुकानें उघडली जाते, आणि पहिल्याच घोटाला सर्वांचीं तोंडें वांकडीं होतात. दोष वाइनचा नसतो, वर्षांचाही नसतो. तीं वर्षें किती उष्णतेंत गेलीं, हें मात्र कोणीं पाहिलेलें नसतें.

कांहीं पदार्थ जुने झाल्यानें सुधारतात, ही गोष्ट महाराष्ट्रांत नवी नाहीं. वर्षाचा जुना तांदूळ मोकळा शिजतो म्हणून गृहिणी तो मुद्दाम राखून ठेवतात. वैद्य औषधाकरितां जुना गूळ व जुनें तूप मागतात. वाग्भटानें तर अष्टांगहृदयांत मद्याविषयींच सांगून ठेवलें आहे, कीं नवें मद्य जड व त्रिदोषकारक असतें आणि जुनें त्याच्या उलट असतें. काळ जसा नासवितो तसा घडवितोही. प्रश्न एवढाच, कीं तो घडवितो केव्हां आणि नासवितो केव्हां ?

यासाठीं वाइनच्या बाटलींत काय चालतें तें पाहिलें पाहिजे. तांबड्या वाइनचा रंग द्राक्षाच्या रसांत नसतो, सालींत असतो. काळीं द्राक्षें चिरडून सालींसकट आंबविलीं, म्हणजे सालींतील जांभळें रंगद्रव्य आणि साली व बिया यांतील टॅनिन नांवाचें तुरट द्रव्य रसांत उतरतें. बोर्दोच्या मेदोक भागांत काबर्ने सोव्हिन्यों या बारीक मण्याच्या, जाड सालीच्या द्राक्षाचें प्राबल्य आहे. नदीपलीकडील सेंतेमिल्यों व पोमरोल येथें मेर्लो हें अधिक मऊ द्राक्ष विशेष लावतात. नवी वाइन २२५ लिटरच्या ओक लांकडाच्या पिंपांत बहुधा वर्ष-दीड वर्ष ठेवून मग बाटल्यांत भरतात. या वेळीं उत्तम प्रतीची वाइन इतकी तुरट असते, कीं कच्चें जांभूळ चावल्याप्रमाणें जीभ आखडून यावी.

बाटलीला बूच बसल्यावर खरें काम सुरू होतें. रंगद्रव्याचे व टॅनिनचे सूक्ष्म कण परस्परांशीं जोडले जाऊन मोठे होत जातात आणि अखेरीस जड होऊन साक्याच्या रूपानें खालीं बसतात. त्यामुळें तुरटपणा ओसरतो, आणि जांभळा रंग हळूहळू विटेसारखा तांबूस होतो. ताज्या फळांचा वास मागें पडून देवदाराचें लांकूड, तंबाखू, चामडें, वाळलेलीं पानें, ओली माती असे वास पुढें येतात. बुचांतून अत्यल्प प्राणवायु आंत झिरपतो, त्याचाही यांत वाटा असतो. लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८६६ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत हा प्राणवायूचा परिणाम दाखवून दिला. त्यानें कांहीं कांचेच्या नळ्या वाइननें कांठोकांठ भरून व कांहीं अर्ध्याच भरून बंद केल्या. भरलेल्या नळींतील वाइन फारशी बदलली नाहीं. अर्ध्या नळींतील वाइनचा रंग मात्र उतरला व तिच्यावर जुनेपणाची कळा आली. थोडी हवा वाइनला मुरविते. फार हवा तिला संपविते.

आतां उष्णतेचा प्रश्न येतो. उष्णतामान दहा अंशांनीं वाढलें, कीं रासायनिक क्रियांचा वेग सुमारें दुप्पट होतो, असा एक ढोबळ नियम आहे. बोर्दोची वार्षिक सरासरी १३-१४ अंश असल्यामुळें तेथील खोल तळघर बारा महिने तितकेंच गार राहतें. चारठाण्याच्या बारवेचा तळ त्याहून सुमारें तेरा अंशांनीं उष्ण आहे. म्हणजे तेथें क्रियांचा वेग जवळजवळ अडीचपट व्हावा. यावर कोणी म्हणेल, मग चाळीस वर्षांचें काम सोळा वर्षांत उरकेल, हा लाभच नव्हे काय ? परंतु तसें होत नाहीं. सर्वच क्रिया एका प्रमाणांत वेग घेत नाहींत. थंडींत निजून राहणाऱ्या कित्येक क्रिया उष्णतेंत जाग्या होतात, आणि नाजूक सुगंध तयार होण्यापूर्वींच फळाचा वास शिजवून टाकल्यासारखा होतो. मोरांबा मंद आंचेवर करावयाचा असतो. आंच दुप्पट केल्यानें तो निम्म्या वेळांत होत नाहीं, करपतो. बारवेची ही कथा, तर शहरांतील वरच्या मजल्यावरच्या कपाटाची काय सांगावी ! तेथें उष्णता अधिक, शिवाय ती रोज चढते व उतरते. द्रव फुगतो व आकसतो, त्याबरोबर बूच सैल होत जातें आणि हवेला वाट मिळते.

याचें एक बोधप्रद उदाहरण प्रसिद्ध आहे. ५ डिसेंबर १९८५ रोजीं लंडन येथें क्रिस्टीज या लिलांवगृहांत १७८७ सालच्या लाफीत वाइनची म्हणून एक बाटली १,०५,००० पौंडांना विकली गेली. अमेरिकेंतील फोर्ब्स घराण्यानें ती घेऊन प्रदर्शनांत मांडली. तेथें तिच्यावर सोडलेल्या दिव्याच्या उष्णतेनें बूच आकसलें आणि घसरून आंत पडलें. बाटलीच्या खरेपणाविषयींही पुढें गंभीर शंका निघाल्या, ती गोष्ट निराळी. परंतु इतक्या मोलाची वस्तु राखण्यास नुसतें मोल पुरत नाहीं, एवढें त्यावरून दिसतें.

जी बाटली गारव्यांत नीट राहिली असेल, तिचा आस्वाद घेण्याचीही एक रीत आहे. प्रथम तिच्यांतील वाइनची पातळी पाहतात. ती मानेंत असेल तर उत्तम. खांद्याच्या खालीं उतरली असेल तर हवा आंत शिरली असें समजावें. एकदोन दिवस बाटली उभी ठेवली, म्हणजे साका तळाशीं बसतो. जुनें बूच ठिसूळ झालेलें असतें, म्हणून तें सावकाश काढतात. मग मानेखालीं मेणबत्ती धरून वाइन संथ धारेनें कांचेच्या सुरईंत ओततात, आणि साक्याची काळी रेघ मानेशीं येतांच हात थांबवितात.

पाश्चात्य पुस्तकांत तांबडी वाइन 'खोलीच्या उष्णतामानाला' प्यावी असें लिहिलेलें असतें. तें जुन्या काळच्या थंड देशांतील खोलीविषयीं आहे. त्याचा अर्थ १६ ते १८ अंश. उन्हाळ्यांतील मराठी घरांत हा उपदेश शब्दशः पाळला, तर पेल्यांतून केवळ मद्यार्काचा उग्र दर्प येईल.

पेला एकतृतीयांशच भरून पांढऱ्या कापडासमोर धरला, कीं मध्यें माणकासारखा व कडेला विटकरी रंग दिसतो. ओल्या पुठ्ठ्यासारखा कोंदट वास आला, तर तो बुचाचा दोष होय. ट्रायक्लोरोॲनिसोल नांवाच्या द्रव्याचा लवलेशही त्यास पुरतो. आंबट झणका आला, तर वाइनची शिर्क्याकडे वाटचाल झाली असें जाणावें. यांतलें कांहींच नसेल, तर पहिला वास बहुधा दबलेला असतो. अर्ध्या तासांत तो उमलतो; मातीच्या अत्तराची आठवण व्हावी असा ओलसर, खोल गंध येतो. घोट जिभेवर रेशमासारखा उतरतो, आणि गिळल्यावरही त्याची रुचि बराच वेळ रेंगाळते. अतिशय जुन्या बाटलीचें हें वैभव कित्येकदां तासाभरांतच मावळतें. म्हणून तिचा जाणता मालक ती एकट्यानें उघडीत नाहीं. चार जिवलग माणसें जमवितो आणि संभाषणापेक्षां पेल्याकडे अधिक लक्ष देतो.

शेवटीं एक व्यावहारिक गोष्ट. जगांतील बहुतेक वाइन मुळीं मुरविण्यासाठीं केलेली नसते. बोर्दोची साधी वाइन कांहीं वर्षांतच प्यावयाची असते. नाशिककडील द्राक्षवेल थंडींत झोपत नाहीं. तिची एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी व पावसाळ्यानंतर गोडी छाटणी करून उन्हाळ्यापूर्वीं पीक घेतात, आणि त्यापासून होणारी वाइनही बहुतांशीं ताजेपणींच गोडी देते. तेव्हां भेट आलेली बाटली ठेवून द्यावयाची असेल, तर १३ अंशांच्या आसपास स्थिर राहणारें विजेचें कपाट हवें. तें नसेल तर ठेवूं नये.

चारठाण्याची बारव हें तळघर होऊं शकत नाहीं, त्यांत तिला उणेपणा नाहीं. वैशाखांत तहानलेल्याला गार पाणी द्यावें यासाठीं ती बांधली, आणि तें काम तिच्याकडून होतें. ज्याच्या घरीं वीस वर्षांची बाटली दिवाणखान्याच्या कपाटांत उभी असेल, त्यानें ती किती जुनी आहे हें मोजीत बसूं नये. पुढचा उन्हाळा लागण्यापूर्वीं, जवळचीं माणसें घरीं असतां, ती उघडावी. चांगली निघाली तर आनंदच आहे. न निघाली, तर निदान दुसरी बाटली तरी वेळेवर उघडली जाईल.